उन्हाचा रकाना

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मी शेजारच्या घराचं कुलूप उघडते, आत जाते आणि लाईटच्या मीटरचा फोटो काढते. घरात कोणी नाही. पंखा बंद, फ्रिज रिकामा, कूलरवर जुनी चादर टाकलेली. मीटरवर गेल्या महिन्यात जो आकडा होता तोच या महिन्यात. तरी फोटो काढायचा आणि जर्मनीला पाठवायचा, असा मला हुकूम आहे. हुकूम पारबताबाईचा.

माझी सून हसते. "आई, आकडा हलूनच नाही राहिला, तर फोटो कायले काढता?" म्हणते. तिला सांगायला बसलं की अर्धा दिवस जातो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे आलं ते पुड्या बांधून आलेले कागद वाचून आलं. तेव्हा लिहिण्यात मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

साकोलीला हायवेच्या अलीकडे आमची वस्ती. पारबताबाईचं घर आणि आमचं घर यांच्यात कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून बत्तीस वर्षं आमची वाटी इकडून तिकडे गेली आहे, आणि रिकामी कधी परत आली नाही. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, तरी पहिल्या दिवसापासून मला वयनी म्हणते. मी तिला पारबताबाई म्हणते. बुटकी बाई, चालणं भरभर, पदर कायम कमरेला खोचलेला, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघायची सवय. पिशवीत काय आहे ते बघून माणसाचं कसं चाललंय ते तिला कळतं.

महाग आणि स्वस्त हे दोन शब्द तिच्या तोंडून मी ऐकले नाहीत. बाजारातून कोणी काही आणलं की ती विचारते, "किती रोजाचं?"

रोज म्हणजे एका दिवसाची मजुरी. तिचं माहेर मोहाडीकडचं. तरुणपणी ती रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणाऱ्या वीस बायांच्या टोळीची पुढारी होती. धानाच्या बांध्या रोवायचा ठेका घ्यायचा आणि संध्याकाळी बायांमध्ये वाटणी करायची. कोणी अर्धा दिवस आलेली, कोणी लेकराला पाजायला दोनदा घरी गेलेली, आणि शेतकरी कधी पैसे देणार तर कधी धानच मापून देणार. हे सगळं तिने डोक्यात करायचं, कागद नाही, पेन नाही. एकाही बाईने कधी "मले कमी आलं" म्हटलं नाही म्हणे. तेव्हापासून तिच्या हिशेबात रुपया नाही, रोज आहे. "रुपया कमीजास्त होते, वयनी," ती म्हणते, "बाईच्या कमरेतलं दुखणं तेवढंच रायते."

पुढे नवरा गेला. राईस मिलमध्ये हमाली करायचा, छातीचं दुखणं झालं. मुलगी प्रज्ञा तेव्हा दहावीला. पारबताबाई एका शाळेत खिचडी शिजवायला लागली. तिथलीच एक गोष्ट सांगते.

एकदा तपासणीला साहेब आले. हजेरीत बासष्ट मुलं. साहेबांनी जाता जाता विचारलं, "काय बाई, सगळी जेवली का?"

"सगळी जेवली साहेब. अठ्ठेचाळीस."

गुरुजींचा चेहरा उतरला. धान कापणीचे दिवस होते, चौदा पोरं आईबापांसोबत शेतात गेली होती आणि गुरुजींनी दया येऊन त्यांचीही हजेरी लावली होती. साहेब म्हणाले, "तुम्ही मुलं मोजली का?"

"पोरं कायले मोजू? गंज पाह्यला." गंज म्हणजे भात शिजवायचं मोठं पातेलं. तळाशी किती उरलं त्यावरून किती तोंडं जेवली ते ती सांगायची.

गुरुजी आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ही जवसाच्या चटणीचा डबा घेऊन गेली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमचं मन चांगलं हाय, हिशेब कच्चा हाय. मी नाही सांगितलं, तांदळानं सांगितलं. तांदूळ खोटं बोलत नाही." गुरुजी हसले आणि मिटलं. पण ते वाक्य तिच्या तोंडी कायमचं बसलं.

प्रज्ञा नर्स झाली. नागपुरात पाच वर्षं दवाखान्यात काढली, तिथेच संध्याकाळी जर्मन शिकायला जायची, आणि एक दिवस कागद आला की तिची जर्मनीतल्या एका दवाखान्यात निवड झाली. वस्तीत दोन दिवस दुसरी गोष्ट नव्हती. नाक्यावरचा किराणेवाला मनोहर म्हणाला, "काकू, एका युरोले शंभर रुपये भेटते. पगाराले शंभरानं गुणा, आन मंग बसा आरामात."

मग काय, जो तो शंभराने गुणायला लागला. माझे मालकही गुणायला लागले. तिसऱ्या दिवशी पारबताबाई भिंतीपाशी येऊन मला म्हणाली, "वयनी, सगळे गुणून राहिले. भागून कोनीच पाहून नाही राहिलं. पगार तिथला, आन तांदूळ का साकोलीचा खाईन पोट्टी?"

प्रज्ञाची कॉलेजातली एक जाड वही होती, अर्धी कोरी. ती घेऊन पारबताबाई आमच्या ओसरीत बसली. हिला अक्षर ओळखता येतं, सहीही करते, पण लिहायला वेळ लागतो. म्हणून लिहिणारी मी. डाव्या पानावर साकोलीचा महिना, उजव्या पानावर जर्मनीचा महिना. प्रज्ञाने फोनवर तिथल्या दुकानांचे भाव शोधून सांगितले. कापाकापी होऊन हातात जो पगार पडणार त्याला तासांनी भागलं, तर तासाला चौदा युरो आले, म्हणजे आठ तासांचा रोज एकशे बारा. इकडे बाईचा रोज तीनशे धरला, आठ तासांचा. आणि मग एकेक वस्तू.

एक किलो तांदूळ इथे सव्वा तासाचा निघाला, तिथे बारा मिनिटांचा. पारबताबाई म्हणाली, "हे चुकलं, पुन्हा करा." मी पुन्हा केलं. तेवढंच आलं. सांबाराची जुडी, म्हणजे तुमची कोथिंबीर, इथे पंधरा मिनिटांची आणि तिथे सहा. मग घरभाडं आलं. इथे शून्य, तिथे साडेपाच रोज. "हे पाहा," ती समाधानाने म्हणाली, "कुठं ना कुठं तर पकडतेच." डोक्याचे केस कापायचे तीन तास. ती म्हणाली, "तीन तास काम करन, आन मंग केस कापन? तिले म्हना, वेणी घाल."

एका बाबतीत ती फार कडक होती. आमचे मालक तलावाच्या मासेमारी सोसायटीत होते, त्यामुळे तिच्या घरी मासोळी आमच्याकडून जायची. मी डाव्या पानावर मासोळीपुढे शून्य लिहायला घेतलं तर तिने माझा हात धरला.

"शून्य नोका लिहू."

"अहो पण तुम्ही विकत घेता का?"

"फुकट भेटते म्हून शून्य होते का? तिथं पोरीले कोन वयनी हाय भिंतीवरून देनारी? बाजारात जे पडन ते लिहा."

तसंच दारातल्या शेवग्याचं केलं. तसंच माहेरून येणाऱ्या लाखोळीच्या डाळीचं. जे जे फुकट मिळतं त्याची किंमत तिने मला शोधून लिहायला लावली, कारण पोरगी जाते म्हणजे ती आधी या फुकटच्या गोष्टींतून जाते, असं तिचं म्हणणं होतं. "पाहुणे" असा एक रकानाही तिने करायला लावला आणि उजव्या पानावर महिन्याला दोन किलो तांदूळ पाहुण्यांचे घातले. प्रज्ञा फोनवर हसली. "आई, इथं पाहुना फोन करून येते, आन जेवूनच येते."

"येईन नं एखादा उपाशी. राहू दे."

असं बसून बसून आम्ही दोन दिवसांत प्रज्ञाचा महिना तयार केला. सगळं वजा जाऊन चार रोज शिल्लक राहत होते. प्रज्ञा म्हणाली, ते चार रोज मी घरी पाठवणार, आपल्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरावर स्लॅब टाकायचा. पारबताबाई नको नको म्हणाली, पण चेहरा खुलला होता. मी खाली लिहिलं, "स्लॅब, चार रोज." वही तिने कपाळाला लावली आणि कपाटात ठेवली. यादीचा फोटो प्रज्ञाने आपल्या फोनमध्ये घेतला, आणि ती गेली.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, इथे चहाची वेळ आणि तिथे तिची सकाळ, असा व्हिडिओ कॉल लागायचा. पारबताबाई, मी आणि वही. आधी "जयभीम आई", "जयभीम बेटा", मग लगेच, "हं, वाच." प्रज्ञा आपला महिना वाचायची, ही आपला सांगायची, मी दोन्हीकडे लिहायची. लोकांच्या लेकी आईला फोनवर मनातलं सांगतात. या दोघी कांदे सांगायच्या. पण त्या कांद्यांत सगळं असायचं. एका महिन्यात प्रज्ञाचा तांदूळ दीड किलोने वाढला. ही लगेच, "कोन आलतं जेवाले?" प्रज्ञा म्हणाली, केरळची एक नर्स नवीन आली आहे, तिला घर मिळेपर्यंत माझ्याकडे होती. "पाहा वयनी," ही मला म्हणाली, "पाहुन्याचे दोन किलो कामी पडले का नाही?"

एकदा तिच्या स्वयंपाकघरातला नळ बिघडला. अर्ध्या तासाचं काम, आणि नळवाल्याने एकशे बारा युरो घेतले. बरोबर एक रोज. त्याच महिन्यात पारबताबाईच्या नळाची तोटी गेली होती आणि आमच्या नळवाल्याने तीनशे रुपये घेतले होते. तोही एक रोज. पारबताबाईला इतका आनंद झाला की तिने दोन दिवस साऱ्या वस्तीला सांगितलं, "बाकी काही असो, नळवाला तिथं बी नळवालाच हाय."

इथे पैसे येऊ लागले. कवेलू उतरवले, मागच्या खोलीवर तात्पुरते टिन टाकून ही तिथे राहायला गेली, आणि पुढच्या भिंती चढायला लागल्या. गणेश मिस्त्री कामाला होता. हिचं सगळं लक्ष त्या भिंतींवर. हातात पाण्याचा पाईप घेऊन ती सकाळ संध्याकाळ भिंतींना पाणी मारायची, झाडांना घालतात तसं.

आणि मग तो डिसेंबर आला. आता खरी गोष्ट.

पहिला रविवार. मी शाल घेऊन तिच्या अंगणात उन्हात बसलेली, वही मांडीवर. भिंतीच्या कडेला वड्या वाळत होत्या. प्रज्ञा वाचायला लागली. तांदूळ ठीक. डाळ ठीक. चहापत्ती तीन डबे.

"किती?" पारबताबाई म्हणाली.

"तीन."

"मागच्या महिन्यात एक होता. हं, पुढं."

"कांदे दोन किलो. दूध. साबन. मोजे चार जोड."

पारबताबाईने माझा पेन थांबवला. "चार जोड मोजे? एका महिन्यात? पाय दोनच हायेत नं बेटा तुले?"

प्रज्ञा हसली, पण ते हसणं मला जरा उशिरा आल्यासारखं वाटलं. पारबताबाईने फोन माझ्या हातातून घेतला आणि अगदी डोळ्यांजवळ नेला.

"तू घरात हायेस का बाहेर?"

"घरातच हाय आई. ओट्याजवळ."

"मंग तोंडातून वाफ काहून निघून राहिली?"

मीही वाकून बघितलं. खरंच, पोरगी बोलत होती आणि तोंडासमोर धुरासारखी वाफ येत होती. डोक्याला टोपी, अंगात जाड कोट, आणि मागे स्वयंपाकघराची मांडणी. आपल्याकडे थंडीच्या पहाटे तलावावर गेलं तर अशी वाफ निघते. घरात कधी नाही.

"हीटर नाही का घरात?"

"हाय नं."

"बिघडला?"

"नाही बिघडला."

"मंग?"

प्रज्ञाने टोपी कानांवर ओढली. मग हळूच म्हणाली, "आई, थो आपल्या यादीत नव्हता. जेवढा लावू तेवढं वर्षाच्या शेवटी बिल येते म्हन्तात. संगच्या बाईले केवढं तरी आलं. महिन्याला एकशे दहा युरो तरी धराले लागन. मंग स्लॅबले कमी पडते. म्हून मी बंदच ठेवला. दिवसभर तर दवाखान्यातच रायतो, तिथं गरम असते. घरी आली का पांघरुनात बसतो, चहा पितो."

मी वही उलटी पालटी करून बघितली, जणू कुठेतरी लिहिलेलं सापडेल. पाहुणे होते, सांबार होता, केस कापणं होतं, शेवगा होता. थंडीचा रकाना नव्हता. लिहिणारी मीच, आणि मलाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? आम्ही दोघी ज्या ओसरीत बसून यादी करत होतो तिथे पाठीवर ऊन पडलेलं होतं.

पारबताबाई म्हणाली, "एकशे दहा म्हंजे किती होते, वयनी?"

मी भागून सांगितलं. "एक रोज. त्याच्यातही थोडं कमीच."

"एका रोजासाठी," ती म्हणाली, "माही पोट्टी महिनाभर कुडकुडली." मग फोनकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "जा. लाव. लावून ये, मंग बोलू. मी थांबतो." आणि प्रज्ञा दुसऱ्या खोलीत जाऊन परत येईपर्यंत ती तशीच फोन धरून रिकाम्या ओट्याकडे बघत बसली.

प्रज्ञा परत आली, तर ही म्हणाली, "आता कोट काढ." प्रज्ञा म्हणाली, "आई, गरम होयाले वेळ लागते." "लागू दे. मले काय काम हाय." पाऊण तास फोन चालू होता. शेवटी पोरीने कोट काढला, टोपी काढली, आणि मग हिने जयभीम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गणेश मिस्त्रीला काम थांबवायला सांगितलं. मी भिंतीपलीकडे भांडी घासत ऐकत होते.

"काकू, लिंटल झालं, आता कायले थांबता? पावसाच्या आत स्लॅब पडाले पाह्यजे."

"पडन."

"कधी पडन?"

"माही पोरगी गरम झाली का पडन."

गणेशला काय कळणार. त्याने थापी धुतली आणि गेला. भिंती तशाच उघड्या राहिल्या. आता वस्ती म्हटली की जीभ आलीच. मनोहरने दुकानात विचारलं, "काय काकू, जर्मनी बुडाली का?"

"जर्मनी नाही बुडाली बापा. मीच बुडाली होती, आता वर आली. अर्धा किलो गूळ दे."

बाहेर ती अशी बोलायची, पण आत तिला फार लागलं होतं. एरवी भिंतीपाशी दिवसातून दहादा येणारी बाई चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी वही घेऊन आली आणि म्हणाली, "वयनी, नवीन पान काढा. सगळ्यात वर, तांदळाच्या बी वर, लिहा, ऊन."

मी लिहिलं.

"तिकडं लिहा, एक रोज."

तेही लिहिलं. "आणि इकडे?" मी विचारलं. "शून्य ना?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला मासोळीची आठवण झाली. मग आम्ही दोघी पायरीवर बसून मोजायला लागलो. ऊन नसतं तर आंघोळीचं पाणी तापवायला जास्त लाकूड लागलं असतं, आम्ही तर हंडे उन्हातच ठेवतो. वड्या, पापड, मोहफुलं कुठे वाळवली असती? धान वाळवलं नसतं तर मिलवाल्याने किती कापलं असतं? गाद्या, गोधड्या, लहान पोरांचं अंग शेकणं, म्हाताऱ्यांचे गुडघे. तिने डोळे मिटून बेरीज केली. ओठ हलत होते, टोळीची वाटणी करताना हलत असतील तसेच.

"दोन रोज," ती म्हणाली. "महिन्याले दोन रोजाचं ऊन घेऊन राहिलो आपन. आन मी त्याले मोजलंच नाही."

तिच्या आयुष्यात मोजणीत चुकल्याचं तिने कबूल केलेलं मी एवढंच ऐकलं.

आता गंमत ऐका. त्यानंतरच्या मे महिन्यात प्रज्ञाने परतफेड केली. आमच्याकडचा मे म्हणजे भांड्याला हात लावला तर पोळतो. रविवारचा कॉल लागला होता आणि प्रज्ञा आपला महिना वाचता वाचता थांबली.

"आई, तुह्या गळ्यावरून घाम काहून वाहून राहिला?"

"उन्हाळा हाय, घाम नाही तर का बर्फ वाहीन?"

"कूलर दाखव."

"हाय नं कूलर. जागच्या जागी हाय."

"काकू, तुम्ही दाखवा," प्रज्ञा मला म्हणाली. आणि मी फोन फिरवला. मला काय माहीत. कूलरवर साबुदाण्याचे पापड वाळत घातले होते, आणि खालच्या टाकीत पाणी नव्हतं, बटाटे होते.

प्रज्ञाने विचारलं की यादीत सावलीचा रकाना कुठे आहे. ही म्हणाली, कूलर चालला तर बिल वाढतं, आणि स्लॅबला थोडे थोडे जमवून राहिली. मग दोघींत अर्धा तास जे झालं ते मी लिहीत नाही, मायलेकींचं ते. शेवटी ठरलं असं. दर एक तारखेला दोघींनी आपापल्या मीटरचा फोटो एकमेकींना पाठवायचा. उन्हाळ्यात आईचा आकडा वाढला पाहिजे, थंडीत लेकीचा. "तू कूलर बंद केला," प्रज्ञा म्हणाली, "तर मी इकडं हीटर बंद करन. पाह्य मंग."

हा धाक फार कामी आला. जूनच्या सुरुवातीला एकदा मी दुपारी गेले तर पारबताबाई कूलरसमोर अंगावर चादर घेऊन बसलेली. बाहेर आभाळ आलेलं, चांगला वारा सुटलेला.

"अहो, थंडी वाजते तर बंद करा ना."

"कसा बंद करू? तिकडं पोरगी हीटर बंद करन."

"जूनमध्ये तिथे हीटर कुठे असतो?"

तिने जरा विचार केला. "आता नसन. पन तिची सवय मोडन." आणि चादर गळ्यापर्यंत ओढून बसली.

स्लॅब पडला, पण एक वर्ष उशिरा पडला. मधला पावसाळा ती टिनाखाली राहिली, टिनावर पाऊस वाजायचा तर फोनवर प्रज्ञाला ऐकवायची. मी एकदा म्हटलं, वाईट वाटतं का हो, घर लांबलं म्हणून? ती म्हणाली, "घर काय वयनी, चार रोजाचं काम आता तीन रोजानं होऊन राहिलं. कमी बायांच्या टोळीनं बी बांधी रोवून होतेच, दोन दिवस जास्त लागते." स्लॅबच्या दिवशी मिस्त्रीच्या माणसांना तिने स्वतः भात वाढला आणि गंज बघून सांगितलं की अकरा जेवले, एक उपाशी आहे. शोधलं तर गणेशच राहिला होता, वर काम बघत.

मागच्या वर्षाच्या शेवटी प्रज्ञाने आईचं तिकीट काढायचं ठरवलं. तीन महिने येऊन राहा म्हणाली, आणि मे जून सुचवला, तिकडे तेव्हा फुलं असतात, हवा छान असते. पारबताबाई म्हणाली, नाही, मी थंडीतच येईन.

मी समजावलं. "अहो, बर्फ पडतो तिथे. पहिल्यांदा जाताय, चांगल्या दिवसांत जा."

"चांगल्या दिवसात जाऊन मले काय समजन? फोटोत आकडा दिसते वयनी, घर गरम हाय का नाही हे दिसत नाही. थंडीत जातो, दाराच्या आत पाय ठेवतो, आन हात लावून पायतो."

जाण्याच्या आधी तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि मीटरचा हुकूम दिला. मी म्हटलं, बंद घराचा आकडा कशाला हवा? म्हणाली, "तिचा आन माहा ठराव हाय, एक तारखेचा. आन आकडा थांबलेला दिसला का मले समजन, मी घरी नाही. नाही तर पहाटे उठल्यावर वाटन, साकोलीतच हाय."

जानेवारीतली सकाळ होती. नागपूरला तिचा भाचा विमानापर्यंत सोडायला येणार होता, तिथपर्यंत ती एकटी एसटीने जाणार. आम्ही बसस्टँडवर उभ्या होतो. एका पिशवीत पाच किलो तांदूळ, लाखोळीची डाळ, वाळवलेल्या वड्या. दुसऱ्या हातात वही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. मी माझ्या हाताने विणलेला स्वेटर तिला दिला तर तिने तो उलटसुलट करून पाहिला, आणि विचारलं, "किती रोजाचा?"

"तुमच्यासाठी आहे, घाला मुकाट्याने."

"तसं नोका करू वयनी. लिहाले लागन मले."

"लिहा मग. भिंतीवरून आला म्हणून लिहा."

तिने तो तिथेच घातला. बस लागली. मी खाली उभी राहिले, ती आत जाऊन खिडकीशी बसली, ज्या बाजूला ऊन येत होतं त्या बाजूला. डोळे मिटलेले, चेहरा उन्हात. मग तिने हात खिडकीबाहेर काढला, तळवा वर करून, आणि तसाच ठेवला.

कंडक्टर तिकीट फाडत आला. "आजी, हात आत घ्या. गाडी निघून राहिली."

"घेतो नं बापू," ती म्हणाली, डोळे न उघडता. "थोडं ऊन घेऊन राहिली पोरीसाठी. तिकडं एका रोजाचं पडते."

गाडी हलली. मी हात हलवला, पण तिने तो पाहिला नसेल. गाडी हायवेला लागून पुलापाशी वळेपर्यंत तो तळवा तसाच बाहेर होता, वर केलेला, वाटी धरल्यासारखा.